औषधांची उतरंड

औषधांच्या पेटीने हाक मारली तेव्हा शालनकाकी खलात जिरं कुटत होत्या. "तात्या, नमस्कार. सकाळच्या गोळ्यांची वेळ झाली," असं पेटी म्हणाली आणि तिच्या पोटातून गोळ्यांची वाटी बाहेर सरकली. तात्या, म्हणजे जयसिंग साळुंखे, समोरच्याच खुर्चीत पेंगत होते. पेटीने पुन्हा नाव घेतलं, मग आणखी एकदा घेतलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. वाटीतल्या सगळ्या गोळ्या तळहातावर ओतून त्यांनी एकदम तोंडात टाकल्या आणि पाणी प्यायल्यावर बायकोला विचारलं, "जेवान झालं का माझं?"

"आजून न्हाय. चा झालाय निस्ता," काकी म्हणाल्या.

विट्याजवळच्या बोरखिंडी गावात असे संवाद बऱ्याच घरांत चालत. इथली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी गाळण्याच्या धंद्यासाठी मुलुखभर पांगलेली. कोणी कोईमतूरला, कोणी कटकला, कोणी कोचीला दुकान थाटून बसलेलं. पैसा गावात आला, त्याचे बंगले झाले आणि बंगल्यांत राहायला उरले म्हातारा-म्हातारी. तरुण माणूस गावात औषधालाही सापडायचा नाही. औषधं मात्र पोत्यानं होती. मुलगा तिकडून हृदयाच्या डॉक्टरच्या गोळ्या पाठवी, मुलगी पुण्याहून आपल्या डॉक्टरच्या आणी आणि विट्याचा डॉक्टर त्यात स्वतःची भर घाली. वाढवायला सगळे होते, कमी करायला कोणीच नव्हतं.

त्यात गावाची एक रीत होती. औषध टाकायचं नसतं. सोन्याच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा डब्यात भरून ठेवणारी ही माणसं, कारण त्या मातीतही कण असतो. त्यांना अर्धी उरलेली गोळ्यांची पट्टी टाकवणार कशी? कोणी वारलं की तेराव्यानंतर त्याचे कपडे वाटावेत, तशा त्याच्या उरलेल्या गोळ्याही वाटल्या जात. "आमच्या मामंजींना ह्या गोळीनं लई गुण आला हुता," एवढी शिफारस पुरे होई. मामंजींना शेवटी तेरावा का घालावा लागला, हे विचारायची पद्धत नव्हती.

सरकारने 'निथळ' योजना आणली ती अशाच म्हाताऱ्यांसाठी. दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवायची. चकतीच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया असत आणि कातडीखालच्या पाण्यात कोणत्या औषधाचा किती अंश आहे ते त्या सतत मोजत. ते आकडे योजनेतूनच घरोघर दिलेल्या बोलत्या पेटीकडे जात आणि पेटी त्यांतून त्या माणसाची 'देहप्रत' तयार करी. म्हणजे त्याच्या मूत्रपिंडापासून मेंदूपर्यंत सगळ्या कारभाराची गणितातली नक्कल. एखादी गोळी बंद केली तर काय होईल, हे आधी देहप्रतीवर करून बघायचं आणि मग माणसावर. तोवरची सगळी यंत्रं औषध द्यायला शिकलेली होती. हे यंत्र औषध काढून घ्यायला शिकलेलं होतं.

पेटी घरात येऊन आठवडा झाला तेव्हा विट्याहून अनुजा लोखंडे आली. औषधशास्त्राची पदवी घेतलेली, तिशीतली मुलगी. योजनेत तिच्या पदाला 'औषधसखी' म्हणत. पेटीने आठवडाभरात काय वाचलं ते सांगायला ती आली होती. तात्यांपुढे तिने आकडे मांडून पाहिले, पण तात्यांचं लक्ष तिच्या चपलांवर होतं. मग ती सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"काकी, तुमच्या लहानपणी घरात मडक्यांची उतरंड असायची ना?"

"आसायची की. आईची पाच मडक्यांची हुती."

अनुजाने फळीवरचा मोठा डबा ओट्यावर ठेवला. "ही तात्यांची रक्तदाबाची गोळी. गोळी चांगली आहे, पण तिनं त्यांचे पाय सुजले." तिने त्यावर दुसरा डबा चढवला. "पाय सुजले म्हणून लघवी जास्त व्हायची गोळी. त्यामुळं रात्रभर उठबस." तिसरा डबा. "म्हणून लघवी रोखायची गोळी. तिनं तोंड कोरडं पडतं आणि माणूस विसरायला लागतो." चौथा. "विसरतो म्हणून स्मरणशक्तीची. तिनं मळमळतं, म्हणून सगळ्यात वर ही पित्ताची."

काकींनी त्या डब्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हंजी दुखणं एकच, आन बाकी समदी औषधाची औषधं?"

"असंच."

"मग डाक्टरला कळत न्हाय व्हय ह्ये?"

"एकेका डॉक्टरला एकेकच डबा दिसतो, काकी. सगळी उतरंड कुणीच बघत नाही. आपण वरून एकेक डबा उतरवू. सावकाश उतरवला तर काही फुटत नाही."

काकींना हे पटलं. तात्या वर्षभरात दोनदा पडले होते. दुसऱ्या वेळी कपाळ फुटून टाके घालावे लागले होते. सांगलीच्या डॉक्टरांनी 'विसराळूपणाचा आजार' असं नाव देऊन टाकलं होतं आणि कोईमतूरला राहणारा मुलगा धनाजी फोनवर हळूच "आता धीर धरायचा, आई" असं म्हणायला लागला होता. औषधं उतरवून नवरा सुधारत असेल तर कोणत्या बायकोला नको असेल?

"अजून एक आहे," अनुजा आवाज खाली आणत म्हणाली. "तात्यांच्या अंगात आणखी एक औषध आहे. मन शांत करायचं, झोप आणणारं. कुठल्याच डॉक्टरनं दिलेलं नाही."

काकी फडक्याने ओटा पुसू लागल्या. "हिराबाईनं दिली आसंल कवा तरी. गावात सगळीच देत्यात घेत्यात."

"कधीतरी नाही, काकी. रोज. रोज दुपारच्या जेवणानंतर त्याची पातळी वर चढते."

काकी ओटा पुसतच राहिल्या. ओटा कधीच लख्ख झाला होता.

खरी गोष्ट अशी होती. ती गोळी रोज सकाळी काकी जिऱ्याबरोबर खलात कुटत आणि तात्यांच्या दुपारच्या ताकात घालत. हे नऊ वर्षं चाललं होतं आणि त्यांच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं.

जयसिंग साळुंखे हा कोईमतूरच्या गल्लीत नावाजलेला माणूस होता. सोन्याचा कस नजरेने सांगायचा. भट्टीपुढे दिवस काढल्याने डोकं तापतं, असं त्याच्याबद्दल कौतुकाने बोललं जाई. ते तापलेलं डोकं घरी कोणावर निवायचं, ते गल्लीला दिसत नव्हतं. शालन लग्न होऊन तिथे गेली आणि पहिल्याच वर्षी तिला कळलं. पस्तीस वर्षं हे चाललं. मग दुकान मुलाच्या हाती देऊन दोघं गावी आली. तात्यांना काम उरलं नाही आणि हाताला दुसरा उद्योग उरला नाही. एके दिवशी त्यांनी काकींचं मनगट पिरगाळून मोडलं. न्हाणीत पाय घसरला, असं काकींनी सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या हिराबाईंनी विचारपूस करताना सहज म्हटलं, "तात्यांचा आवाज लई चढतोय हल्ली. आमच्या मामंजींच्या गोळ्या ऱ्हायल्यात बग, शांत व्हायच्या. टाकून कशाला द्यायच्या?"

ती पट्टी संपली तरी रिकामं वेष्टन दाखवलं की औषधांचा दुकानदार दुसरी देई. तात्या शांत झाले. पहिल्यांदा काकींनाच भीती वाटली, मग सवय झाली आणि मग, हे त्यांनी कोणाला सांगितलं नसतं, तो शांत माणूस त्यांना आवडायला लागला. तो शेजारी बसून शेंगा फोडून द्यायचा. वाढलेलं निमूट जेवायचा. कधी विनाकारण हसायचा. या नऊ वर्षांत शालन साळुंखे ही बाई पाठीला कान न लावता स्वयंपाक करायला शिकली. सुख सुख म्हणतात ते याहून फार मोठं असेल असं तिला वाटत नव्हतं.

फडकं पिळायच्या निमित्ताने काकी परसात गेल्या, तशी अनुजा त्यांच्या मागोमाग आली. "काकी, दुपारी जेवणात रोज काय असतं?"

काकींनी पदराखालून हात काढला आणि मनगट पुढे केलं. हाड वाकडं जुळून तिथे गाठ आलेली होती. अनुजा ती गाठ बघत राहिली. मग काकींनी सगळं सांगितलं, एखाद्या पदार्थाची कृती सांगावी तसं, न अडखळता.

"काकी, माणसाला न सांगता औषध घालणं हा गुन्हा आहे," अनुजा शेवटी म्हणाली.

"आन ह्ये?" काकींनी मनगट वर धरलं. "ह्यो बी हुताच की गुन्हा. तवा कोण आलं न्हाय चकती घिऊन."

अनुजाला जे येत होतं ते तिने केलं. तिने माहिती सांगितली. तात्या पडतात ते मुख्यतः या गोळीने. विसरतात त्यातही अर्धा वाटा हिचाच. ही अशीच चालू राहिली तर ते पुन्हा पडतील, आणि त्या वेळी नुसत्या टाक्यांवर भागेल असं नाही. एकदम बंद केली तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून कणाकणाने कमी करावी लागेल, आणि ती आता काकींनी नाही, पेटीने द्यायची.

"आन त्यो पयल्यासारका झाला तर?"

"मी धनाजींशी बोलू का?"

"ह्यांचा हात उटायचा त्ये त्याला ठावं हाय."

"पुण्याला मुलीकडे जाऊन राहाल? विट्याला महिलांसाठी मदतकेंद्र आहे. मी स्वतः घेऊन जाते."

"मी का म्हून जाऊ? घर माजं बी हाय." काकींनी मनगट पुन्हा पदराखाली घेतलं. "पर त्यास्नी मारायचं न्हाय मला, पोरी. उतरव तू. एकेक डबा उतरव."

अनुजाने पेटीत नोंद केली: जुन्या उरलेल्या गोळ्यांचे सेवन, शेजाऱ्यांकडून. ते अगदीच खोटं नव्हतं आणि गावाची रीत पेटीला आधीच शिकवलेली असल्याने तिनेही जास्त खोदून विचारलं नाही. फक्त, औषध देणारा हात कोणाचा हे विचारायला पेटीत जागाच केलेली नव्हती, आणि तो हात का वळला हे विचारायला तर नव्हतीच.

दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात. औषधं मुंगीहूनही सावकाश गेली. आधी पित्ताची गेली, मग स्मरणशक्तीची, मग लघवी रोखायची, शेवटी लघवी वाढवायची. त्यांच्या जोडीने ती शांत करणारी गोळी पेटीतून दर आठवड्याला थोडी थोडी झिजून बाहेर येऊ लागली. पावसाळा संपता संपता वाटीत फक्त रक्तदाबाची गोळी उरली, तीही वेगळ्या जातीची, पाय न सुजवणारी.

तात्या जागे होऊ लागले. आधी त्यांचे पाय जागे झाले. भिंत न धरता ते फाटकापर्यंत जाऊ लागले. मग नाक जागं झालं आणि भाजी करपल्याचं काकींच्या आधी त्यांना कळलं. एका रविवारी फोनवर नातवाने कोईमतूरहून काहीतरी विचारलं, तर तात्यांनी त्याला घडघडीत तमिळमध्ये उत्तर दिलं. आपले आजोबा तमिळ बोलतात हे त्या मुलाला माहीतच नव्हतं. तो हसून हसून लोळला आणि फोनच्या त्या टोकाला धनाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, आमचं तात्या परत आलं की गं!" तो म्हणाला.

धनाजीने लहानपणी सगळं पाहिलेलं होतं. पण ते तो विसरून गेला होता, आणि त्यासाठी त्याला कुठलीही गोळी लागली नव्हती.

गावात चकतीचा बोलबाला झाला. जो तो दंड पुढे करू लागला. हिराबाई येऊन म्हणाल्या, "तुजा नवरा दुसऱ्यांदा जन्माला आला बग." काकी "व्हय" म्हणाल्या. त्यांना आनंद झाला नव्हता असं नाही. तात्या आता वर्तमानपत्र मोठ्याने वाचून त्यावर टीका करत, आणि त्यांची टीका ऐकायला मजा येई. पण त्याच आठवड्यात काकींनी ओट्यावरचा पितळी तांब्या उचलून माळ्यावर ठेवला. खलबत्त्याचा बत्ताही आत गेला. आपण हे का करतो आहोत याचा त्यांनी विचार केला नाही. हात आपोआप चालले.

मग एकेक दिवस आवाज चढू लागला. चहा गार का, कपडे ओले का, फोन कोणाचा होता. पेटी याची नोंद घेत होती. तात्यांच्या नाडीचा वेग आणि अंगातली रागाची रसायनं तिला चकतीतून दिसत. "तात्या, जरा बसा. दीर्घ श्वास घ्या," असं ती मधेच सुचवी. एरवी त्या सूचनेला गावात कोणीही हसलं असतं. काकी हसत नसत. त्या ऐकून पाठीमागे दार कुठे आहे ते बघून ठेवत.

तो दिवस आमटीवरून आला. आमटी तिखट होती की नव्हती हे महत्त्वाचं नाही. ताट भिंतीवर गेलं आणि तात्या उठले. हात वर गेला. पेटी म्हणाली, "तात्या, जरा बसा." काकी भिंतीला टेकल्या होत्या. सत्तरीची बाई, पण नऊ वर्षं तिने मार खाल्लेला नव्हता आणि मार खायची सवय तिच्या अंगातून गेली होती. ती दारातून पळाली नाही आणि तिने तोंडापुढे हातही धरला नाही.

"मारा," ती म्हणाली. "मीच जागं केलंय तुमास्नी. घालत हुते गोळी, तशीच घालत ऱ्हायले आसते तर ह्यो हात उटला नसता."

हात तिथेच थांबला. "कसली गोळी?"

आता बोलून गेलेलं परत घेता येण्यासारखं नव्हतं. काकींनी सगळं सांगितलं. हिराबाईंचे मामंजी, जिरं, ताक. तात्या उभ्याने ऐकत होते, मग खाली बसले. त्यांचं डोकं आता चांगलं चालत होतं, आणि ते गलाईवाल्याचं डोकं होतं. काय काय वितळून गेलं याचा हिशेब ते लगेच मांडायला लागलं.

"किती वरसं?"

"नऊ."

"धाकट्या नातीच्या बारशाला मी हुतो?"

"तुमच्याच मांडीवर हुती ती."

"मला आठवत न्हाय." ते जमिनीकडे बघत होते. "आबा गेला तवा?"

आबा म्हणजे त्यांचा पाठचा भाऊ. कोईमतूरला दोघांनी एकाच भट्टीवर उमेदवारी केली होती, एका ताटात जेवली होती ती भावंडं.

"हुता की. समदी म्हणाली, खांदा दिला तात्यांनी."

"रडलो का मी?"

काकींना खोटं बोलता आलं असतं. "न्हाय," त्या म्हणाल्या.

"सख्खा भाऊ गेला आन मी रडलो न्हाय." तात्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग होता आणि रागाहून वाईट असं काहीतरी होतं. "तू माजी नऊ वरसं खाल्लीस."

"तुमी माजी पस्तीस खाल्ली," काकी म्हणाल्या.

त्यानंतर त्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तात्या आबाच्या घराकडे जाऊन आले. तिथे कुलूप होतं. आबाची मुलं कटकला. ते कुलपाकडे बघत बराच वेळ पायरीवर बसले होते, असं हिराबाईंनी काकींना येऊन सांगितलं. रडत होते म्हणे. काकींना ते ऐकून इतकं वाईट वाटलं की त्या चुलीपाशी जाऊन बसल्या. नवऱ्याचं दुःखसुद्धा आपण नऊ वर्षं ताकात विरघळवून टाकलं, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

पेटीने मात्र आपलं काम केलं होतं. ताट फेकलं गेलं त्या वेळचे आकडे तिने विट्याला धाडले आणि तिसऱ्या दिवशी अनुजा आली. या वेळी ती दोघांना समोरासमोर बसवून बोलली. तात्यांनी स्वतःच तिला सांगितलं, काही न लपवता. "हात उचलला म्या," ते म्हणाले. "थांबला, पर उचलला."

"आधीबी उचलायचे," काकी म्हणाल्या.

"व्हय. आधीबी."

अनुजाने पेटी उघडली. तिला जे वाचून दाखवायचं होतं त्याची तिलाच लाज वाटत होती. गोळ्या काढायला बनवलेल्या यंत्राने देहप्रतीवर नाना प्रकार करून पाहिले होते आणि त्याचा निष्कर्ष एका ओळीचा होता: एक गोळी वाढवावी. नवी होती, जुनीइतकी जड नव्हती. पडण्याचा धोका कमी. राग बराच खाली येईल. स्मरण थोडं मंदावेल, पूर्वीइतकं नाही. सुस्ती राहील.

"दुसरी वाट न्हाय?" तात्यांनी विचारलं.

"आहे. विट्याला समुपदेशक आहेत, रागावर काम करतात. आठवड्यातून एकदा जायचं. मी नाव घालते आजच. पण त्याला महिने लागतात, तात्या. आणि गुण येईल याची खात्री पेटीही देत नाही आणि मीही देत नाही."

"तवर?"

"तोवर काय, ते तुम्ही ठरवायचं. गोळी घ्यायची की नाही हे आता फक्त तुम्ही ठरवू शकता. मुलगा नाही, मी नाही." तिने काकींकडे पाहिलं. "काकीही नाहीत. काकी, तुम्हाला आत्ता इथून निघायचं असेल तर बाहेर माझी गाडी उभी आहे."

काकी हलल्या नाहीत.

पेटीच्या झाकणावर अंगठ्यापुरता एक चौकोन उजळला. "तात्या," पेटी म्हणाली, "संमती असल्यास कृपया अंगठा ठेवा."

तात्यांनी अंगठा पुढे केला आणि चौकोनाच्या वर तसाच धरून ठेवला. भट्टीच्या कामात त्या अंगठ्याच्या रेषा पार झिजल्या होत्या. त्यांना घाम आला होता. अंगठा मागे घेऊन त्यांनी तो धोतराला पुसला आणि बायकोकडे बघितलं.

"अगं," ते म्हणाले, "तू सांग. घिऊ का नगं?"

काकींना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने त्यांचं मत कधी विचारलं नव्हतं. दुकान, मुलीचं लग्न, कोईमतूर सोडून गावी यायचं, सगळं त्याने सांगितलं होतं. आणि तो ताक पिऊन शेंगा फोडणारा दुसरा माणूस, तो 'जेवलो का' यापलीकडे काही विचारत नव्हता. हा विचारत होता, आणि हात उगारणाराही हाच होता. गोळी विचारणाऱ्याला आणि मारणाऱ्याला, दोघांना मिळूनच झोपवणार होती. एकाला झोपवून दुसऱ्याला जागं ठेवायची विद्या पेटीकडे नव्हती. काकींना हे स्पष्ट दिसलं, आणि आपल्याला इतकी भीती वाटत असताना इतकं बरंही कसं वाटतंय, हे त्यांना कळेना.

"संमतीची वाट पाहत आहे," पेटी म्हणाली. अनुजाने हात लांब करून तिचा आवाज बंद केला.

"तू म्हनशील तसं," तात्या पुन्हा म्हणाले.

काकींनी पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"आन मी नगं म्हनले," त्यांनी विचारलं, "तर उद्या बी आसंच इचारशीला का मला?"